एका तळ्याची गोष्ट

सिएटलच्या लेक वॉशिंग्टनकाठी उभा होतो. पाणी नितळ! पण १९५५ साली एडमंडसन आणि सहकाऱ्यांना याच तळ्यात धोक्याचं शेवाळ सापडलं. काठावरच्या गावांच्या सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर ते पोसलं जात होतं.

वकील जिम एलिस यांच्या नागरिक सल्लागार समितीनं सुचवलं, सगळ्यांची मिळून एकच यंत्रणा करा. मार्च १९५८ मध्ये शहराबाहेरच्या मतदारांनी प्रस्ताव पाडला. मग वाहतूक, नियोजन वगळून फक्त सांडपाण्याचा प्रस्ताव आणला. सप्टेंबरात तो मंजूर झाला. १९६८ पर्यंत सांडपाणी तळ्यापासून वळवलं गेलं.

गावाकडची नदी आठवली. आपल्याला कुणी विचारलं नाही, हे खरंच. पण आपण तरी कधी एकत्र बसलो?