‘स्टार्ट’: एका बटणाचा इतिहास

१/ २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ विक्रीस आले. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक राखाडी बटण होते आणि त्यावर एकच शब्द: ‘स्टार्ट’. जाहिरातीसाठी मायक्रोसॉफ्टने रोलिंग स्टोन्सचे गाणे घेतले होते. हे बटण तेथे का आले आणि १७ वर्षांनी ते काढून टाकताच एवढा गहजब का उडाला, हे सांगणारा हा धागा.

२/ प्रश्न जुना आहे. संगणकात अनेक प्रोग्रॅम असतील, तर हवा तो शोधावा कसा आणि सुरू करावा कसा? १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर याचे उत्तर होते पाठांतर. डॉसच्या काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचे नाव टंकावे लागे. वर्डस्टारसाठी ‘डब्ल्यूएस’, लोटससाठी ‘१२३’. अक्षर चुकले, की आज्ञा चुकल्याची तंबी मिळे.

३/ जाणकारांनी यावर स्वतःच तोड काढली. ते छोट्या बॅच फाइली लिहून घरगुती यादी तयार करीत: १ दाबा, पत्रलेखन, २ दाबा, हिशेब. कंपन्यांनी मेन्यू देण्यापूर्वीच वापरणाऱ्यांना त्याची गरज भासली होती, याचा हा पुरावा.

४/ त्याच १९८१ साली झेरॉक्सने ‘स्टार’ हा संगणक आणला. पडद्यावर कागद, फोल्डर आणि टपालपेटी यांची चित्रे होती. प्रोग्रॅम सुरू करण्याची पायरीच त्यात नव्हती. दस्तऐवज उघडला, की त्याचे साधन आपोआप हजर होई. मात्र एकेका यंत्राची किंमत १६,००० डॉलरच्या घरात होती. चित्रांची ही वाट सामान्य ग्राहकापर्यंत नेली ती २४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या मॅकिंटॉशने.

५/ मायक्रोसॉफ्टचे उत्तर २२ मे १९९० रोजी विंडोज ३.० मधून आले: प्रोग्रॅम मॅनेजर. येथे प्रोग्रॅमची चिन्हे गटागटांत मांडलेली असत. परंतु गटाच्या आत दुसरा गट ठेवता येत नसे. प्रोग्रॅम वाढले, की खिडक्यांवर खिडक्या चढत आणि हवे ते चिन्ह त्यांखाली दडपून जाई. शिवाय हे चिन्ह म्हणजे केवळ खूण होती. चिन्ह पुसले तरी प्रोग्रॅम डिस्कवर तसाच राही. उलट, त्याची फाइल दुसरीकडे हलवली, तर चिन्ह निरुपयोगी होई.

६/ दुसरी अडचण अधिक फसवी होती. चालू प्रोग्रॅम मिनिमाइझ केला, की तो लहान चिन्ह होऊन पडद्याच्या तळाशी जाई. वर दुसरी खिडकी असली, तर ते चिन्ह दिसतच नसे. नवख्या माणसाला वाटे, आपले काम नाहीसे झाले.

७/ पुढील आवृत्तीचे सांकेतिक नाव होते ‘शिकागो’. तिच्या रचनेसाठी मायक्रोसॉफ्टच्या पथकाने नवख्या आणि सरावलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना चाचणीकक्षात बसवले, त्यांना साधी कामे दिली आणि ते कोठे अडतात हे पाहिले. दुहेरी क्लिक, झाकलेल्या खिडक्या, हरवलेले प्रोग्रॅम: अडथळे एकामागून एक उघड झाले. या पथकातील केंट सुलिवन यांनी १९९६ साली हा प्रवास शोधनिबंधात नोंदवून ठेवला.

८/ पहिल्या आराखड्यात तळाशी तीन बटणे होती: सिस्टिम, शोध आणि मदत. ती लोकांच्या पचनी पडली नाहीत. मग नवशिक्यांसाठी वेगळा, सोपा पडदा करावा असा विचार झाला. तोही मागे पडला, कारण त्यात रुळलेल्या माणसाला पुढे सारे पुन्हा नव्याने शिकावे लागले असते.

९/ अखेर तीन बटणांचे एक झाले, त्यावर ‘स्टार्ट’ हा शब्द आला आणि शेजारी टास्कबार. चालू असलेली प्रत्येक खिडकी आता तेथे कायम दिसू लागली. या कल्पनांशी डॅनी ओरान यांचे नाव जोडले जाते. त्यांचे शिक्षण मानसशास्त्राचे होते. एवढ्यावरही पथक थांबले नाही. संगणक सुरू होताच एक बाण सरकत येई आणि ‘सुरुवात करण्यासाठी येथे क्लिक करा’ असे सांगे.

१०/ मेन्यूही पुढे फुगला. प्रत्येक कंपनी आपल्या नावाचा फोल्डर त्यात घुसवू लागली. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने नेहमीचे प्रोग्रॅम वेगळे दाखवले. २००५ मध्ये ॲपलचे स्पॉटलाइट आले. २००७ मध्ये व्हिस्टाने स्टार्ट मेन्यूतच शोधपेटी दिली. नाव टंकण्याची डॉसकालीन रीत परतली, पण आता दोन-तीन अक्षरे पुरत. २००९ च्या विंडोज ७ मध्ये प्रोग्रॅम टास्कबारवर टाचून ठेवता येऊ लागले.

११/ मायक्रोसॉफ्टकडे जमलेली आकडेवारी सांगू लागली, की स्टार्ट मेन्यूचा वापर घटतो आहे. टचस्क्रीनचे युगही उजाडले होते. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले ते स्टार्ट बटणाविना. मेन्यूच्या जागी सारा पडदा व्यापणाऱ्या रंगीत फरशा आल्या. लोक इतरांनी बनवलेले स्टार्ट मेन्यू आपल्या संगणकात बसवू लागले. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी ८.१ मध्ये बटण परतले आणि २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० मध्ये मेन्यूही.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला येथे साधनांचा प्रश्न दिसावा. एका वेळी शेजारी बसून माणसाला अडखळताना पाहिले गेले. दुसऱ्या वेळी दुरून क्लिक मोजले गेले. एखादी गोष्ट किती वेळा वापरली गेली, हे आकडा सांगतो. ती नसेल तर माणूस किती गोंधळेल, हे त्यातून कळत नाही. घरातला दिवा आपण दिवसातून एकदाच लावत असू. म्हणून त्याचे बटण कोणी काढून नेत नाही.

१३/ आणि एक ध्यानात ठेवावे. प्रोग्रॅम मॅनेजरसमोर गोंधळलेल्या माणसाला ‘याला संगणक जमत नाही’ असे म्हणणे सोपे होते. त्या पथकाने दोष आराखड्यात शोधला, म्हणून ते बटण जन्माला आले. आपल्या आजी-आजोबांना नवा फोन शिकवताना आपण दोष कोठे शोधतो?