फिश टँकच्या काचेवरचं हट्टी शेवाळ कसं काढायचं? साबण नको, सकर मासाही नको

किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, दवाखान्यात आणि आता घरातही टीव्हीजवळ फिश टँक दिसतो. सुरुवातीला काच लख्ख असते, मग हिरवट होते आणि एक दिवस आतले मासेच दिसेनासे होतात. मग अनेक जण टँक अंगणात नेतात, सगळं पाणी ओततात आणि काच, खडे, फिल्टर साबणाने खसाखसा धुतात. दोन-चार दिवसांत मासे मरायला लागतात. दोष शेवाळाला दिला जातो, पण मासे मरतात ते या धुण्यामुळे.

माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो मारक असतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत राहणारे जिवाणू त्याचं कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सगळं धुऊन काढलं की हे जिवाणू जातात. म्हणून एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदला. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाला टीसीएल टाकलेलं पाणी येत असेल तर ते उघड्या बादलीत 24 तास ठेवून मगच भरा.

आता काच. हात घालण्याआधी मोटर, हीटर, लाईट सगळ्यांचे प्लग काढा. नव्या टँकमध्ये येणारा तपकिरी, भुकटीसारखा थर कोऱ्या स्पंजने लगेच निघतो. भांड्याची घासणी वापरू नका, तिच्यात साबण मुरलेला असतो. खरा त्रास देतात ते हिरवे टणक ठिपके. ते स्पंजला दाद देत नाहीत. त्यासाठी दाढीचं नवं ब्लेड पट्टीत नीट अडकवा, काचेला तिरपं टेकवा आणि खालून वर ओढा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लागू देऊ नका, नाहीतर टँक गळेल. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड अजिबात नको, जुनं एटीएम कार्ड चालतं. तळाजवळ घासताना वाळूचा कण मध्ये आला तर काचेवर कायमची रेघ पडते. तारेची घासणी तर लांबच ठेवा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. पाण्याच्या पातळीजवळचा पांढरा पट्टा शेवाळ नसतो, ते क्षार असतात. पाणी थोडं खाली करा, फडक्यावर व्हिनेगर घेऊन पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. व्हिनेगर पाण्यात ठिबकू देऊ नका.

शेवाळ परत येतं ते उजेड आणि उरलेल्या खाद्यामुळे. टँक खिडकीच्या उन्हात नको. लाईट दिवसाला सहा ते आठ तास पुरे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका. लेकरं येता-जाता चिमूटभर टाकतात, तिथेच गणित बिघडतं.

दुकानदार हमखास सांगतो, ‘सकर मासा टाका, काच चाटून साफ ठेवतो.’ लहान असताना तो शेवाळ खातो, हे खरं. पण दोन इंचांचा हा मासा फुटापेक्षा मोठा होतो, मोठेपणी शेवाळ कमी खातो आणि घाण मात्र भरपूर करतो. मग लोक तो ओढ्यात, विहिरीत नाहीतर धरणात सोडून देतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर टणक कवच आणि काटे, त्यामुळे जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उजनीच्या मच्छीमारांनी हा ताप भोगला आहे.

तुमच्याकडचा सकर आधीच मोठा झाला असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या. शेततळ्यातही सोडू नका, पावसाळ्यात तळं भरून वाहिलं की तो तिथून ओढ्याला लागतो.