रेषेबाहेरची तीन फूट जागा : शालेय बास्केटबॉल, सीमारेषा आणि पंचाची सुरक्षितता

प्रस्तावना

खेळांच्या इतिहासात खेळाडू, स्पर्धा आणि विक्रम यांना मोठे स्थान मिळते. खेळ ज्या जागेत खेळला जातो त्या जागेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. या दृष्टीने बास्केटबॉल हा खेळ विशेष अभ्यसनीय आहे. क्रिकेट किंवा फुटबॉलप्रमाणे तो मोकळ्या मैदानावर जन्मला नाही. तो चार भिंतींच्या आत जन्मला आणि त्याच्या अनेक नियमांवर त्या भिंतींचा ठसा उमटला आहे. अमेरिकेतील असंख्य लहान शाळांच्या अरुंद क्रीडागृहांत आजही बाजूची रेषा आणि भिंत यांच्यात जेमतेम एका माणसापुरती जागा असते आणि पंचाला सामनाभर त्याच पट्टीतून धावावे लागते. प्रस्तुत लेखात सीमारेषेच्या या इतिहासाचा पंचाच्या सुरक्षिततेच्या अंगाने परामर्श घेतला आहे. नियमकर्त्यांनी खेळाडूसाठी वेळोवेळी जागा मोकळी करून दिली. पंच जिथे उभा राहतो ती पट्टी मात्र नियमांच्या दृष्टीने केवळ उरलेली जागा राहिली, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

१. भिंतींच्या आतला खेळ

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ सिद्ध केला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. कठीण जमिनीवर धसमुसळेपणा धोक्याचा ठरेल हे ओळखून नाइस्मिथ यांनी चेंडू घेऊन धावण्यास आणि प्रतिस्पर्ध्याला ढकलण्यास मनाई केली. व्यायामगृहाच्या सज्जाचा कठडा जमिनीपासून १० फूट उंचीवर होता. पीचच्या टोपल्या तेथे ठोकल्या गेल्या आणि तीच उंची कायम झाली. म्हणजेच सुरक्षिततेचा विचार आणि इमारतीची रचना या दोन्ही गोष्टी आरंभापासूनच नियमांत उतरल्या होत्या.

जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ १३ नियमांपैकी नववा नियम सीमेबाहेर गेलेल्या चेंडूसंबंधी होता. बाहेर गेलेल्या चेंडूला जो खेळाडू प्रथम स्पर्श करील त्याने तो आत फेकावा आणि त्यासाठी त्याला ५ सेकंद मिळावेत, असा त्याचा आशय होता. या नियमाचा परिणाम मात्र विपरीत झाला. चेंडू रेषेबाहेर जाताच दोन्ही संघ त्यावर तुटून पडत. चेंडू सज्जात गेला तर खेळाडू जिन्याकडे धाव घेत किंवा सहकाऱ्याच्या आधाराने कठड्यावर चढत. खेळातील सर्वांत दांडगाईचा प्रसंग अशा रीतीने रेषेच्या आत न घडता बाहेर, भिंतीलगत घडू लागला. १९१३ मध्ये नियम बदलला आणि ज्या संघाचा स्पर्श शेवटी झाला असेल त्याच्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू देण्याची पद्धत रूढ झाली. रेषेबाहेरची धावपळ त्यामुळे बरीच निरर्थक झाली.

२. पिंजरा आणि सरकणारा फलक

व्यावसायिक खेळाने या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला होता. १८९६ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे मैदानाभोवती जाळीचा पिंजरा उभारण्यात आला. चेंडू जाळीवर आपटून परत येई, खेळ अखंड चाले आणि प्रेक्षक व खेळाडू परस्परांपासून दूर राहत. परंतु जाळीवर ढकलले गेलेले खेळाडू जखमी होत. बास्केटबॉलपटूंना इंग्रजीत 'केजर' म्हणण्याची पद्धत याच पिंजऱ्यातून आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे पिंजरे हळूहळू नाहीसे झाले.

टोपलीमागच्या फलकाचा इतिहासही असाच बोलका आहे. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत किंवा आत ढकलीत, म्हणून १८९० च्या दशकात फलक आला. पुढे १९२०-२१ मध्ये हे फलक अंत्यरेषेपासून २ फूट आणि १९३९-४० मध्ये ४ फूट आत घेण्यात आले, कारण टोपलीखाली झेपावणारा खेळाडू वारंवार रेषेबाहेर जात असे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भिंत मागे सरकवणे शक्य नव्हते, म्हणून खेळच आत सरकवण्यात आला. नव्याने मिळालेली ती ४ फूट जागा मैदानाचा भाग म्हणून खेळाडूला मिळाली. अंत्यरेषेपलीकडे उभ्या असलेल्या पंचाच्या वाट्याला काहीच आले नाही.

३. तुटक रेषेचा नियम

अमेरिकेतील शालेय स्पर्धांचे नियम १९२० मध्ये स्थापन झालेला शालेय क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ ठरवतो. माध्यमिक शाळांसाठी ८४ फूट लांब आणि ५० फूट रुंद मैदान त्याने आदर्श मानले आहे. सीमारेषेबाहेर किमान ३ फूट आणि शक्यतो १० फूट जागा अडथळ्यांविना असावी, असाही नियम आहे. जेथे ३ फूट जागा नसेल तेथे सीमारेषेला समांतर, ३ फूट आत एक तुटक रेषा आखावी लागते. चेंडू बाहेरून आत फेकण्याच्या वेळी त्या बाजूला ही तुटक रेषाच सीमारेषा मानली जाते आणि चेंडू तिच्या पलीकडे गेला की तिचे काम संपते.

अरुंद क्रीडागृहांची अडचण नियमकर्त्यांना पूर्णपणे ठाऊक होती, याचा हा नियम म्हणजे पुरावाच होय. तथापि या सवलतीची मुदत पाहण्यासारखी आहे. चेंडू आत फेकण्यास ५ सेकंद मिळतात; फेकणारा खेळाडू आणि त्याच्या शेजारी उभा असलेला पंच यांना त्या ५ सेकंदांपुरती ३ फूट जागा लाभते. त्यानंतर मूळ सीमारेषा पुन्हा अमलात येते आणि खेळ पूर्ण वेगाने भिंतीपर्यंत पोहोचतो. पंचाला जागेची सर्वाधिक गरज असते ती नेमकी याच वेळी.

३ फूट म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. सेकंदाला ६ मीटर वेगाने येणारा खेळाडू हे अंतर सुमारे ०.१५ सेकंदात कापतो, तर अनपेक्षित दृश्याला प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः ०.२ सेकंद लागतात. म्हणजे किमान म्हणून ठरवलेले अंतर मानवी प्रतिसादाच्या वेळेपेक्षाही अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिबाचा, नियम याहून उदार आहे. त्यानुसार राखीव खेळाडूंच्या बाकांसह सर्व अडथळे मैदानापासून किमान २ मीटर दूर असावे लागतात. हे अंतर त्याच वेगाने कापण्यास सुमारे ०.३३ सेकंद लागतात. शालेय नियमात शिफारस केलेल्या १० फुटांना अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात पंचाला निदान एक पाऊल मागे घेता येते.

४. पंचाची जागा

मूळ १३ नियमांत दोन पंचांची तरतूद होती. एकाने खेळाडूंवर आणि दुसऱ्याने चेंडूवर लक्ष ठेवायचे, अशी त्यांची कार्यविभागणी होती. चेंडू सीमेत आहे की नाही हे दुसरा पंच ठरवी. मात्र त्याने ते कोठे उभे राहून ठरवावे, याचा उल्लेख नव्हता. पुढे पंचकार्याचे तंत्र विकसित झाले. दोन पंचांच्या पद्धतीत एक पंच अंत्यरेषेबाहेर टोपलीजवळ, तर दुसरा बाजूच्या रेषेलगत मागून येतो. खेळाडूंच्या मधली फट दिसावी यासाठी पंचाने खेळापासून काही अंतर राखणे आवश्यक असते. अरुंद क्रीडागृहात हे अंतरच मिळत नाही. अंत्यरेषेवरील पंचाला टोपलीच्या मागून हटून कोपऱ्याकडे जावे लागते, तर बाजूच्या पंचाला रेषेच्या आत उतरावे लागते. पहिल्याची दृष्टी आखडते आणि दुसरा खेळाडूंच्याच मार्गात येतो. सुरक्षितता आणि अचूक निर्णय हे दोन निराळे प्रश्न नाहीत. दोन्ही एकाच अपुऱ्या जागेतून उद्भवतात.

व्यावसायिक संघटना एनबीएने १९८८-८९ च्या हंगामापासून तीन पंचांची पद्धत कायम केली आणि शालेय खेळातही ती पसरत गेली. या पद्धतीत मैदानाच्या दोन्ही बाजूंना पंच असतात, त्यामुळे निर्णयाची गुणवत्ता सुधारते. परंतु जेथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांचे पाय रेषेला टेकलेले असतात, तेथे धोक्याच्या पट्टीत दोनऐवजी तीन माणसे धावू लागतात.

नियमांतील आणखी एक तरतूद या संदर्भात सूचक ठरते. चेंडू पंचाला लागला, तर तो पंच उभा असलेल्या ठिकाणी जमिनीला लागला असे समजले जाते. खेळाच्या सोयीसाठी ही कल्पना योग्यच आहे. पण नियमाने ज्याला जमीन मानले, त्याला शरीर आहे याचे भान क्रीडागृहाच्या आखणीत राहिले नाही, असे म्हणावे लागते.

५. अधिकार आणि जबाबदारी

शालेय नियमांनुसार मुख्य पंचाने सामन्यापूर्वी मैदान आणि साहित्य तपासून मान्य करायचे असते. प्रेक्षकांच्या वर्तनाची जबाबदारी यजमान व्यवस्थापनाकडे असते. कागदावर ही विभागणी निर्दोष दिसते. प्रत्यक्षात पंच त्या सायंकाळपुरता आलेला पाहुणा असतो. संघ येऊन पोहोचलेले असतात आणि प्रेक्षक जागा धरून बसलेले असतात. अशा वेळी मैदान अमान्य करण्याचा अधिकार वापरणे त्याला जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे पहिली रांग मागे घ्या, भिंतीवर गादी लावा, टेबलाची टोके झाका, अशा विनंत्यांवरच त्याला समाधान मानावे लागते.

भारताचा या परंपरेशी थेट संबंध आहे. स्प्रिंगफिल्ड येथे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि अमेरिकी क्रीडाशिक्षणाची पद्धत येथे रुजवली. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतील बास्केटबॉल बहुतांशी उघड्या मैदानावर खेळला जात असल्याने भिंतीचा प्रश्न तितका तीव्र नाही. मात्र भिंतीची जागा तारेचे कुंपण, सिमेंटची पायरी, गुणलेखकाचे टेबल किंवा रेषेवर दाटलेले विद्यार्थी घेतात. माणसे तीच, धोकाही तोच.

समारोप

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत प्रत्येक पिढीने रेषा, फलक किंवा जाळी हलवून खेळ इमारतीत बसवला. प्रत्येक दुरुस्तीमागे खेळाडूची किंवा प्रेक्षकाची अडचण होती आणि ती रास्तही होती. पंचाची अडचण मात्र स्वतंत्र प्रश्न म्हणून क्वचितच मांडली गेली. मैदानाची मापे ठरवताना रेषांच्या आतील आयताबरोबरच त्याभोवतीची पट्टीही मोजली पाहिजे, कारण ती पंचाची कामाची जागा आहे. ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी इमारत आणि प्रेक्षक ज्याच्या ताब्यात आहेत त्या यजमान संस्थेची आहे आणि ती शिट्टी वाजण्यापूर्वी पार पाडली गेली पाहिजे. शाळा किंवा महाविद्यालय सामना भरवते तेव्हा त्या पट्टीतून धावणारा पंचही त्या संस्थेच्याच भरवशावर धावत असतो.