खिडकीची काच : दुहेरी तावदानाआधी ऊन अडवा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडील खोलीत गेल्यास, एसी सुरू असतानाही खिडकीजवळ धग जाणवते. जाड भिंती, लहान झडपा आणि पुढे पडवी अशी जुन्या घरांची रचना होती. सदनिकांमध्ये त्यांची जागा रुंद काचेने घेतली आणि उन्हाला थेट वाट मिळाली. त्यावर उपाय म्हणून दुहेरी काचेच्या खिडक्या सुचविल्या जातात. मात्र थंड देशांत उपयुक्त ठरलेली खिडकी महाराष्ट्रातही तितकीच वीज वाचवील, असे नाही. खर्च करण्यापूर्वी उष्णता आत येते कशी, हे समजून घेणे हिताचे ठरते.

उष्णतेच्या दोन वाटा

खिडकीतून उष्णता प्रामुख्याने दोन मार्गांनी येते. बाहेरची हवा तापलेली असली, की काच आणि चौकट यांतून उष्णता वाहत आत शिरते. याचे मोजमाप 'यू-व्हॅल्यू' या आकड्याने होते. साध्या एकेरी काचेसाठी तो सुमारे ५.८, तर दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर हवेची पोकळी असलेल्या तावदानासाठी सुमारे २.८ असतो. आकडा जितका कमी, तितकी काच अधिक उष्णतारोधक.

दुसरी वाट थेट उन्हाची. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी किती भाग आत येतो, हे 'एसएचजीसी' या गुणांकाने कळते. साध्या पारदर्शक काचेचा हा गुणांक ०.८ च्या आसपास असतो. म्हणजे शंभरातील ऐंशी भाग उष्णता खोलीत येते. ऊन-रोधक लेप दिलेल्या चांगल्या काचेत तो ०.३ पर्यंत खाली येऊ शकतो.

हिशेब काय सांगतो?

पश्चिमेला दोन चौरस मीटरची खिडकी आहे, बाहेर ४० आणि आत २६ अंश सेल्सियस तापमान आहे व काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडत आहे, असे उदाहरण घेऊ. एकेरी साध्या काचेतून तापमानातील फरकामुळे सुमारे १६२ वॉट, तर उन्हामुळे ८०० वॉट उष्णता आत येते. साधी दुहेरी काच बसविल्यास पहिला आकडा निम्म्याने घटतो. मात्र तिचा एसएचजीसी ०.७ च्या आसपासच असल्याने उन्हाचे ७०० वॉट येतच राहतात. याउलट ०.३ गुणांकाची काच उन्हाची उष्णता ३०० वॉटवर आणते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, हे लक्षात घेता ५०० वॉटची ही घट नगण्य नाही.

तथापि, उष्णतेतील बचत आणि विजेतील बचत एकच नव्हे. एसी एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे रोज पाच तास ५०० वॉट उष्णता अडविली, तरी वीज वाचते ती पाऊण ते एक युनिट. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात ही बचत ८० युनिटच्या आसपास जाते. नव्या खिडकीची किंमत या आकड्याशी ताडून पाहावी.

बाहेरची सावली सर्वांत स्वस्त

आतला पडदा काही ऊन परत फेकतो. पण तोवर बरीचशी उष्णता काच ओलांडून आलेली असते. म्हणूनच बांबूच्या काड्यांचे पडदे, वाळ्याचे तट्टे किंवा बाहेरून बसविलेली झडप अधिक परिणामकारक ठरते. दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण त्या बाजूचा सूर्य माध्यान्ही उंच असतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने तेथे छज्जा अपुरा पडतो. उभ्या पट्ट्या किंवा पडदेच कामी येतात.

प्रकाश आणि वारा

काच काळी केली की घर थंड होते, हा समज अर्धसत्य आहे. गडद काच प्रकाशही अडविते आणि दिवसा दिवे लावावे लागतात. त्यामुळे एसएचजीसी कमी, पण प्रकाश पुरेसा देणारी काच निवडावी.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'इको-निवास संहिते'तही हा समतोल दिसतो. थंड प्रदेश वगळता इमारतीच्या भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेसाठी तिने दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली. त्याचबरोबर उघडता येणाऱ्या खिडक्यांचे चटई क्षेत्राशी किमान प्रमाण मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी १६.६६ टक्के, तर नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी १२.५ टक्के ठरविले. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची जवळपास पूर्ण. सायंकाळचा वारा आत आला, तर एसीचे तास आपोआप घटतात.

खरेदीपूर्वी ध्यानात ठेवा

* माहितीपत्रकात यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि प्रकाशाचे प्रमाण असे तिन्ही आकडे पाहावेत. केवळ 'दुहेरी काच' हे वर्णन पुरेसे नाही.
* ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेते. यूपीव्हीसी किंवा लाकडी चौकट त्या मानाने सरस.
* दोन काचांमध्ये बाष्प दिसू लागल्यास कडांचे सील निकामी झाले, असे समजावे.
* जुन्या काचेवर फिल्म लावण्यापूर्वी ती त्या काचेस योग्य आहे का, हे विचारावे. उष्णता शोषणाऱ्या फिल्ममुळे साधी काच तडकू शकते.
* सर्व खिडक्या बदलणे आवश्यक नसते. पश्चिमेपासून सुरुवात करावी, त्यानंतर पूर्वेचा विचार करावा.

रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरांत नीट बंद होणाऱ्या दुहेरी काचेने आवाज कमी होतो, हा लाभ वेगळा. परंतु वीजबिल हाच हेतू असेल, तर आधी बाहेरची सावली, मग योग्य गुणांकाची काच आणि त्यानंतर दुसरे तावदान, हाच क्रम किफायतशीर ठरतो.