उजवं नेमकं कोणाचं?

सांभाळून चढा. जिना अरुंद आहे आणि मागची पोरं ढकलतायत. हे पादुआ, व्हेनिसजवळचं विद्यापीठाचं गाव. फाब्रिसियस गुरुजींच्या काळात, १५९५च्या सुमारास उभं राहिलेलं हे शवविच्छेदनाचं नाट्यगृह. बसायला जागा शोधू नका, इथे सगळे उभेच. पोटाशी अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव कठडा, पाठीशी भिंत, दोन्हीकडे अनोळखी खांदे. चक्कर आली तरी खाली पडायची सोय नाही!

बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे, म्हणून तर हा उद्योग हिवाळ्यात. उन्हाळ्यात देह टिकणार कसा? आत मात्र तुम्हाला घाम फुटलाय. खिडकी एकही नाही. मेणबत्त्यांचा धूर, ओल्या लोकरीचा कुबट वास, आणि खालून हळूहळू वर चढणारा तो दुसरा वास. रुमाल नाकाला लावा, कोणी हसणार नाही.

आता वाकून बघा. लंबगोल सहा रांगा नरसाळ्यासारख्या खाली निमुळत्या होत गेल्यात आणि तळाशी टेबल. त्यावर उताणा देह. पोट उघडलंय, सगळ्यात आधी तेच नासतं, म्हणून पहिला मान त्याचा.

ते तपकिरी, थोराड लिव्हर. कुठल्या बाजूला आहे? तुम्ही पायांकडे उभे, म्हणून म्हणाल डावीकडे. डोक्याकडच्या कठड्यावरचा पोरगा म्हणेल उजवीकडे. बाजूच्या रांगेतला म्हणेल, पलीकडे! तिघंही खरं बोलतायत आणि तिघांचाही काही उपयोग नाही. इथे चारी बाजूंनी माणसं आहेत; प्रत्येकाने आपापलं डावं-उजवं चालवलं तर बाजार भरेल. म्हणून उजवं ते त्या मेलेल्याचं. तुमचं इथे कोण विचारतो?

वर-खालीचंही तेच. तुमच्या जागेवरून ‘वर’ म्हणजे त्याचं पोट, कारण तो आडवा पडलाय. पण शरीरशास्त्र त्याला मनातल्या मनात उभं करतं: ताठ, नजर समोर, तळवे पुढे. मग डोक्याकडचं ते वरचं, पोट पुढचं, पाठ मागची. तो पालथा केला तरी पाठ मागचीच!

लिव्हर बरगड्यांच्या आड लपलंय, तेव्हा ते छातीतलं वाटेल. नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा घुमटासारखा वर फुगलेला असतो आणि लिव्हर त्याच्या खाली, म्हणजे पोटाच्या पोकळीत. फुप्फुसं आणि हृदय पडद्याच्या वर. खालच्या बरगड्यांमधून घुसलेला सुरा छातीत गेला की पोटात, हे बाहेरून सांगणं म्हणूनच अवघड.

छातीचे दिवस आपण गाळू. आज कवटी. करवतीचा आवाज दातांत शिरतो, नाही? करवत वरून खाली चालतेय, तरी हा छेद ‘आडवा’. उभ्या माणसाच्या कपाळाभोवती पट्टी बांधावी तसा तो जातो. कपाळ ते मागचं डोकं असा मधोमध छेद घेतला असता, तर डावा-उजवा भाग वेगळे झाले असते, तो ‘सॅजिटल’.

शेवटी हातपाय. तुमचाच हात जरा काढा, जमलं तर. तळवा पुढे करा. करंगळी अंगाकडे, म्हणून ती मीडियल. अंगठा बाहेर, म्हणून लॅटरल. आता तळवा मागे फिरवा. अंगठा आत आला, कारण मनगट ते कोपर जाणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं दुसऱ्यावर तिरकं गेलं. नाव मात्र लॅटरलच राहिलं. तळवा पुढे असताना ती दोन हाडं शेजारी-शेजारी असतात, म्हणून तर तळवे पुढे करायचा हा हट्ट.

अहो, जपून! कोपर लागलं शेजारच्याला. तो जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटतोय, आणि ते लॅटिन शरीरशास्त्र नक्कीच नाही.