बेगमी आणि कोठीचे माप

वर्षभर पुरेल एवढे धान्य, डाळी, गूळ, मीठ, मिरची हंगामात विकत घेऊन, उन्हे दाखवून, निवडून घरात लावणे, याला मराठीत ‘बेगमी’ म्हणतात. गोमंतकातील कोंकणी बोलणाऱ्यांनी याच कामाला ‘पुरुमेंत’ असे नाव दिले. पोर्तुगीज अमदानीतला हा शब्द आता मुळचाच वाटू लागला आहे. धान्य घरात कोंडून ठेवण्याला आणखीही एक शब्द आहे, तो ‘साठेबाजी’. पहिल्या शब्दाने गृहिणीचा गौरव होतो, दुसऱ्याने माणूस चावडीवर जातो. धान्य तेच, दारही बंदच. मग भेद कोठे पडतो? माझ्या मते तो मापात पडतो. बेगमीतील प्रत्येक शेरावर कोणाच्या तरी तोंडाचे नाव लिहिलेले असते, साठ्यातील शेरावर ते नसते. जुन्या हुबळीच्या आणि तिच्या भोवतालच्या मुलखाच्या इतिहासात हा भेद फार ठळकपणे दिसतो.

हुबळी हे पुरातन व्यापारी गाव. १६७३ मध्ये मराठी फौजेने येथील पेठ लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीलाही तिची झळ लागली, यावरून पेठेची श्रीमंती कळते. पुढे १७२७ मध्ये सावनूरच्या नबाबाच्या अमलात बसप्पा शेट्टी या व्यापाऱ्याने दुर्गदबैलाभोवती नवी वसाहत उभारली, आणि मूळच्या गावास ‘जुनी हुबळी’ हे नाव पडले. पेशवाईच्या अखेरीस नवी वसाहत भोवतालच्या खेड्यांसह सांगलीच्या पटवर्धनांकडे होती. १८२० मध्ये ती इंग्रजांनी घेतली. राज्ये बदलली, पण जमिनीखालची कोठारे होती तशीच राहिली.

ही जमिनीखालची कोठारे म्हणजे पेवे. कानडीत त्यांना ‘हगेवु’ म्हणतात. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची घट्ट जागा पाहून खोल खड्डा खणावयाचा, तोंड अरुंद आणि पोट मोठे ठेवावयाचे. आतून काड आणि भुसा यांचे जाड अस्तर लावून त्यात चांगली वाळलेली जोंधळ्याची रास ओतावयाची, आणि वर फरशी ठेवून ती मातीने लिंपून टाकावयाची. हवा आत जात नाही म्हणून कीड जगत नाही. कडेचे थोडे धान्य काळपट होते, त्याला एक आंबूस वास येतो, पण मधले धान्य वर्षानुवर्षे खाण्याजोगे राहते. पेव उघडण्याला मात्र अनुभवी माणूस लागे. कोंडलेल्या धान्याच्या श्वासाने आत विषारी हवा भरलेली असते. फरशी काढून बराच वेळ थांबावयाचे, मग दोरीला बांधलेला दिवा आत सोडावयाचा. दिवा विझला तर माणसाने उतरू नये. ही शिस्त मोडून प्राण गमावलेल्यांच्या कथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. एखाद्या गोष्टीला ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यामागे हा सारा प्रकार आहे हे ध्यानात येत नाही.

पेव कोणाचे, हा प्रश्न मात्र पेवाच्या फरशीइतकाच जड आहे. ते असे गावच्या गौडाचे, सावकाराचे, मोठ्या कुळाचे. सुतार, लोहार, कुंभार यांचा वाटा खळ्यावर मिळे, पण पीकच नसेल तर खळे कोठले? मजुराची कोठी म्हणजे त्या दिवशीची मजुरी. १७९१-९२ चा दुष्काळ ‘डोजी बरा’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. ‘बर’ म्हणजे कानडीत दुष्काळ. मेलेल्यांना अग्नी देण्यासही कोणी उरले नाही आणि जमीन कवट्यांनी पांढरी झाली, म्हणून हे नाव. पाऊस गेला हे खरेच. पण त्याच्या आदल्याच वर्षी परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आणि तिच्या जोडीची इंग्रज तुकडी धारवाडला वेढा घालून बसली होती, आणि टिपूविरुद्धच्या त्या स्वारीत हा मुलूख पुरता ओरबाडला गेला, हेही तितकेच खरे. आपल्या फौजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाताना एवढी नोंद आपण ठेवली पाहिजे.

वस्तुतः फौजेने धान्य कसे वापरावे याचा धडा मराठी राज्याच्या आरंभीच घालून दिलेला होता. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांस शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच हवी तशी उधळाल तर पुढे मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच नकोसे व्हाल, हा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात खुलासा आहे. राज्याच्या बारा महालांत ‘कोठी’ हा एक महाल आणि अठरा कारखान्यांत ‘अंबारखाना’ हा एक कारखाना होता. त्यांचे मोडी कागद दप्तरांतून उरले आहेत, आणि संशोधकांनी त्यांवर ग्रंथ लिहिले आहेत.

घरच्या कोठीचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही, कारण ते कागदावर नव्हतेच. ते एका बाईच्या ध्यानात असे आणि कोठीची किल्ली तिच्या कमरेला असे. दहा माणसांचे घर घ्या. लहानमोठे धरून माणशी रोजचे अर्धा शेर धान्य म्हटले तरी दिवसाला पाच शेर, वर्षाला अठराशे पंचवीस शेर. चाळीस शेरांच्या पक्क्या मणाने हे सुमारे साडेपंचेचाळीस मण होतात. त्यावर सणवार, श्राद्धपक्ष, माहेरवाशीण, बाळंतीण, देवळाचा शिधा आणि वारावर जेवणारा एखादा विद्यार्थी. वार लावलेल्या मुलाचे पान मंगळवारी मांडावयाचे, तर त्याचे वर्षाचे बावन्न मंगळवार सुगीतच हिशेबात धरावे लागत. घाटाखालून आलेल्या सारस्वत घरांना दुहेरी मांडणी करावी लागे: गवताच्या मुड्यांत बांधलेला उकडा तांदूळ, सोले आणि खोबरेल खालून यावयाचे, जोंधळा, तूर आणि ब्याडगीची मिरची येथल्या बाजारातून घ्यावयाची.

निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे दुपटीदुपटीने चढत जातात. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही निम्मे आणि दुप्पट एवढ्याच दोन क्रियांवर वर्षाचे गणित चालविता येई, ही या पद्धतीची खुबी. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे. कणगीच्या आत शेणामातीचा लेप, धान्यात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, चिंचेला मीठ. उतरंडीतील कोणत्या मडक्यात काय हे अंधारातही हाताला कळावे अशी जागा ठरलेली. जुने आधी काढावयाचे, नवे मागे लावावयाचे. नवी सून घरात येते ती उंबरठ्यावरचे धान्याने भरलेले माप पायाने लवंडून. त्या विधीचा अर्थ लक्ष्मीच्या पावलांशी जोडतात ते योग्यच आहे. पण ज्या मापाने तिला पुढे आयुष्यभर मोजावयाचे आहे, त्याची ओळख तिला पहिल्याच पावलाला करून दिली जाते, हेही मला त्यात दिसते. किल्ली हाती येण्यास मात्र तिला बहुधा पंचवीस वर्षे लागत, आणि सासूने मोजून दिलेल्या पिठात सर्वांत शेवटी जेवणारीला काय उरे, हे त्या दप्तरात कोठेच लिहिले जात नसे.

१८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात धारवाड जिल्हा पुन्हा होरपळला. सरकारी खडी फोडणाऱ्या मजुराला, सर रिचर्ड टेंपल यांच्या १८७७ च्या ठरावाने, दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरली. एक पौंड म्हणजे सुमारे अर्धा शेर. आपल्या दहा माणसांच्या घरात हीच सरासरी आम्ही धरली, पण ती पोराबाळांसह, आणि ताक, डाळ, भाजी निराळी. दगड फोडणाऱ्या माणसाचे अर्ध्या शेरात भागत नाही, हे कोठीची किल्ली बाळगणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्यासाठी अर्जामागून अर्ज करावे लागले, आणि कित्येक ठिकाणी मजुरांनी कामच सोडले.

जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा (१८३६-१९२९) मठ वाढला तो या दुष्काळानंतरच्या दशकांत. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांतील भक्त तेथे आले. मठाचा दासोह, म्हणजे आल्यागेल्यास प्रसादाचे जेवण, आजही चालू आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत तर पंगतीमागून पंगती उठतात. अशा अन्नदानाकडे आपण केवळ भक्तीच्या नजरेने पाहतो. पण भक्त आणतात ते तांदूळ कोणी ओंजळभर, कोणी पोतेभर. उद्या किती पाने उठतील ते कोणालाच ठाऊक नसते, आणि तरीही पान रिकामे जाऊ द्यावयाचे नाही. हे साधते ते कोठावळ्याच्या जिवावर. ज्याचे पेव आहे त्याच्याकडून येऊन ज्याचे नाही त्याच्या पानात जाणारे धान्य मोजणारा तो माणूस. त्याच्या मापात रोज एक शेर चुकला तर महिन्याअखेरीस कोणाची तरी पंगत उपाशी उठेल.

१९४३ मध्ये मुंबई शहरात नियंत्रित वाटप सुरू झाले आणि मग ते इलाख्यात इतरत्र पसरले. हुबळी १९५६ पर्यंत त्याच मुंबई राज्यात होती. सरकारने दिलेल्या त्या कार्डाला मराठीने नाव दिले ‘शिधापत्रिका’. देवळाच्या कोठीतून मोजून मिळणारा शिधा आता सरकारी दुकानातून मोजून मिळू लागला, आणि प्रथमच घरातील तोंडांची गणती कागदावर उतरली. वर्षाची बेगमी करणे मात्र त्या टंचाईत कठीण झाले, आणि जास्त धान्य घरात दिसले तर शेजारी कुजबुजू लागले. पुढे १ एप्रिल १९६२ पासून वजनांत किलोग्रॅम सक्तीचा झाला व शेर-मण बाजारातून उठले. जुन्या घरांतून पितळेची मापटी आणि शेर मात्र मोडीत गेले नाहीत. कित्येक स्वयंपाकघरांत तांदळाच्या डब्यात तेच माप पडलेले असते. तांदूळ किलोने येतो, आणि रात्री पाहुणा येणार असे कळले की त्याच मापाने चिपटेभर जास्त काढला जातो.