चुलीआधीची मूठ

१९६२ साली चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मिशनचं काम केरळच्या सी.एम.आय. या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवलं गेलं. चर्चच्या इतिहासात ही एका ओळीची नोंद आहे. पुढे १९७७ मध्ये तिथे सीरो-मलबार पंथाचा धर्मप्रांत झाला आणि त्याचं ठाणं बल्लारपूरला आलं. मला मात्र या नोंदीत मूठभर तांदूळ दिसतात, कारण सी.एम.आय.च्या संस्थापकांपैकी एक होते कुरियाकोस एलियास चावरा. संघ स्थापन झाला मन्नानमला, १८३१ मध्ये. चावरांना संतपद मिळालं २०१४ मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी केरळच्या ख्रिस्ती घरांत 'पिडियरी' रुजवली. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. घरातल्या बाईने रोज भात शिजत घालण्याआधी एक मूठ वेगळी काढायची. साठलेल्या तांदळातून शाळेतल्या गरीब पोरांना दुपारचं जेवण मिळायचं.

माझा दावा असा: रोजच्या कृतज्ञतेचं ख्रिस्ती वळण चांद्याकडच्या या झाडीपट्टीत आलं असेल, तर ते या मुठीच्या वाटेने.

या दाव्याला प्रतिस्पर्धी आहेत आणि ते कच्चे नाहीत. पहिला स्कॉटिश. केरळी धर्मगुरू येण्याच्या कितीतरी आधी चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन होतं. तिथले अलेक्झांडर वूड पुढे नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या अँग्लिकन परंपरेत हंगामाची उपकारस्तुती असते. आज ती प्राचीन वाटते, पण तिचं आधुनिक रूप १८४३ चं, कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाद्रीबुवांनी सुरू केलेलं. पीक घरात आलं की वेदीपाशी आणून ठेवायचं, स्तोत्रं म्हणायची. धानाच्या मुलखात हे रुजायला अडचण कसली? तरी ही कृतज्ञता वर्षातून एकदाची.

दुसरा दावेदार इथल्याच मातीतला. माडिया-गोंडांत पंडुम नावाचे सण असतात. रानातला आंबा असो की नवं धान्य, देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. बायबलातही असंच आहे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे कोणी म्हणेल, ख्रिस्ती कृतज्ञतेला इथे शिकवणीची गरजच नव्हती, जमीन तयार होती. हे मला मान्य आहे, अर्ध्यापुरतं. पंडुम ऋतूचा हिशेब ठेवतो. नव्या घासाचे आभार त्यात आहेत. शंभराव्या दिवशीच्या त्याच भाताचे नाहीत.

सगळ्यात चिवट प्रतिस्पर्धी मराठीच आहे: मुष्टिफंड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे घरोघरच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहं चालवली. हात तोच, मूठ तीच आणि जेवणारी शाळकरी पोरंही तीच. मग केरळला कशाला जायचं? काळ पाहिला तर चावरा आधीचे. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. पण केवळ आधी असणं हा पुरावा होत नाही. मिझोरममध्येही ख्रिस्ती बायका १९१० पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी काढतात, आणि मन्नानम तिथून शेकडो कोस दूर. जिथे भात रोज रांधला जातो आणि नाणं क्वचित दिसतं, तिथे ही युक्ती स्वतंत्रपणे सुचू शकते.

म्हणून मी युक्तीपेक्षा तिच्यामागचा भाव तपासतो. मुष्टिफंडात मूठ समाजाच्या कामाला जाते. माधुकरीत मागणारा दारात उभा राहिल्यावर हात डब्यात जातो. पिडियरीत दारात कोणी नसतं. स्वयंपाक व्हायचा असतो, पोट रिकामं असतं, आणि तरी पहिली मूठ आपली नसते. आभार मानायचे ते जेवून तृप्त झाल्यावर नव्हे, त्याआधी. सारफथच्या विधवेची गोष्टही हीच: मडक्यात मूठभर पीठ उरलं असताना तिने पहिली भाकर एलियाला दिली. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती रोजची. महिन्याचं रेशन नव्हे.

२००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आभार मानण्याजोग्या गोष्टींच्या याद्या करायला लावल्या. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्यांची लाट आली. वहीचा दोष असा की ती विसरता येते. चूल विसरता येत नाही. सवय जडवायची तर ती आधीच रोज होणाऱ्या कामाला बांधावी, हे चावरांनी हेरलं होतं. मिशनऱ्यांसोबत पुस्तकं आणि मूर्ती येतात, तशा त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरातल्या सवयीही येतात. मन्नानम ते बल्लारपूर हा दुवा मी याच भरवशावर जोडतो. वूड यांच्या काळातल्या हिशेबवहीत रोजच्या मुठीचा तांदूळ जमेला दिसला, तर माझी वंशावळ कोसळेल आणि मान स्कॉटलंडला जाईल. तोवर मी केरळच्या बाजूने उभा आहे.